कुलपाची खाच पाडणारा जिग: बेचाळीस दारांनंतरचा अभिप्राय

दाराच्या कडेत मॉर्टिस लॉकसाठी, म्हणजे कडेच्या आत रुतवून बसवायच्या कुलपासाठी, खोल, अरुंद आणि सरळ भिंतींची खाच पाडणे हे दार बसवण्याच्या कामातले सर्वांत जोखमीचे काम आहे. तोवर दार रंधून, घासून, बिजागऱ्यांवर लावून झालेले असते आणि एका वाकड्या छिद्राने सगळ्याचा विचका होऊ शकतो. हे काम मी बरीच वर्षे ड्रिल आणि पटाशीने करत आलो. गेल्या वर्षभरात मात्र ड्रिलवर चालणारा एक जिग, म्हणजे कटरला ठरलेल्या वाटेवर धरून ठेवणारे साधन, वापरून बेचाळीस दारांना कुलपे बसवली आणि आता त्याच्याविषयी काही ठामपणे लिहिता येईल असे वाटते. जिगचे व्यापारी नाव मुद्दाम देत नाही. याच घडणीचे जिग निरनिराळ्या नावांनी विकले जातात आणि त्यांतले फरक रंग आणि पेटीपुरतेच असतात, त्यामुळे जे गुणदोष पुढे सांगतो आहे ते बहुतांशी या घडणीचेच आहेत, असे समजावे.

आधी त्याची रचना सांगतो. दाराच्या दोन्ही अंगांना पकडणारे दोन जबडे असून मधला एकच स्क्रू फिरवला की ते दोन्हीकडून सारखेच जवळ येतात, त्यामुळे वरचा दांडा आपोआप दाराच्या जाडीच्या मध्यावर येतो. दांड्याच्या एका टोकाला आटे आहेत, त्यावर कटर बसतो; दुसरे टोक ड्रिल मशीनच्या चकमध्ये धरायचे. मशीन चालू करून दांडा हलकेच आत दाबायचा आणि मुठीने संपूर्ण सरकता भाग मागे-पुढे न्यायचा. दर फेरीला कटर दोन-तीन मिलिमीटर खोल जातो. खाचेची लांबी ठरवायला दोन अडसर आहेत आणि खोली ठरवायला दांड्यावर एक कडे आहे. माझ्या संचात 18, 22 आणि 25 मिमी रुंदीचे तीन कटर आले. यात न समजण्यासारखे काही नाही, पण यातल्या प्रत्येक भागाची एकेक खोड आहे.

जिगची खरी किंमत कळायची असेल तर हातपद्धतीत नेमके काय बिघडते ते पाहावे लागते. मध्यरेषेवर एकाला एक लागून छिद्रे पाडायची आणि मधली लाकडाची कंगोरी पटाशीने तासून काढायची, ही जुनी रीत. त्यात हात एका अंशाने जरी कलला, तरी 75 मिमी खोलीवर छिद्राचा तळ सुमारे 1.3 मिमी बाजूला जातो आणि तीन अंशांनी कलला तर जवळजवळ 4 मिमी. दार 35 मिमी जाडीचे आणि खाच 15 मिमी रुंदीची असेल, तर दोन्ही बाजूंना मुळात दहा-दहा मिलिमीटरच लाकूड उरते. त्यातले चार गेले की एका बाजूची भिंत सहावर येते. वर लाकडात गाठ असेल तर गिरमिट गाठीला बगल देऊन स्वतःची वाट शोधते, ते वेगळेच. बाहेरून दार धडधाकट दिसते, पण हँडलसाठी आरपार छिद्र पाडताना त्या पातळ भिंतीचा टवका उडतो. माझ्या हातून असे दोनदा झाले आहे. दोन्ही वेळा हँडलच्या पाटीने ती जागा झाकली गेली, म्हणून निभावले.

जिगमध्ये हा प्रश्न मुळातच उरत नाही, कारण दांडा जबड्यांच्या पकडीत असल्यामुळे तो कलू शकत नाही. बेचाळीसपैकी एकाही दारात खाचेची भिंत तिरपी गेली नाही. पटाशीचा पाता आत उभा टेकवून पाहिला तर तो तळापर्यंत भिंतीला चिकटून राहतो. वेळेचे म्हणाल तर ज्या खाचेला हाताने पाऊण तास लागत असे ती आता जिग लावण्या-काढण्यासह बारा-पंधरा मिनिटांत होते. पण वेळेपेक्षा मला या सरळपणाचे अधिक महत्त्व वाटते. कुलपाची पेटी खाचेत ठोकून बसवावी लागली की आतल्या पट्ट्या आणि स्प्रिंगा आवळल्या जातात आणि किल्ली जड फिरते. पेटी बोटाच्या दाबाने आत गेली तर तेच कुलूप हलके चालते. कुलूप खराब निघाले अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी कित्येकांचे कुलूप ठीक असते आणि खाच वाईट असते.

आता उणिवांकडे वळतो, आणि इथे थोडा वेळ थांबावे लागेल.

पहिली गोष्ट मध्याची. जबडे आपोआप मध्य साधतात हा दावा कागदावर खरा आहे. माझा जिग पेटीतून काढला तेव्हा तो मध्यापासून 0.4 मिमी सरकलेला होता. हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे आणि नवा जिग घेणाऱ्या प्रत्येकाने ती वापरावी. वाया गेलेल्या लाकडाच्या तुकड्यात उथळ खाच पाडावी, मग जिग काढून त्याच तुकड्यावर उलट्या बाजूने लावावा आणि त्याच जागी पुन्हा कटर फिरवावा. मध्य अचूक असेल तर खाच रुंदावत नाही. चूक असेल तर चुकीच्या दुपटीने रुंदावते. माझ्या तुकड्यात 18 मिमीच्या कटरची खाच 18.8 मिमी भरली. एका जबड्याच्या आतल्या बाजूला ओतकामाचा एक बारीक उंचवटा राहिला होता, तो कानशीने घासल्यावर फरक 0.1 मिमीच्या आत आला. ही दुरुस्ती पाच मिनिटांची आहे, पण ती गिऱ्हाइकाने करावी लागते हे पटण्यासारखे नाही. शिवाय पुढे काम करतानाही जबड्यावर एखादी ढलपी किंवा वाळलेला गोंद राहिला तर मध्य पुन्हा ढळतो, म्हणून प्रत्येक दाराआधी जबडे पुसण्याची सवय लावून घ्यावी लागली.

दुसरी गोष्ट कटरच्या मापांची, आणि माझी खरी तक्रार हीच आहे. बहुतेक कुलपांच्या पेट्या 14 ते 16 मिमी जाडीच्या असतात, तर संचातला सर्वांत लहान कटर 18 मिमीचा. म्हणजे 14 मिमी जाडीच्या पेटीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर मोकळे राहतात आणि 35 मिमी जाडीच्या दारात दोन्हीकडच्या भिंती साडेआठ मिमीवर येतात. 40 किंवा 44 मिमीच्या दारात याने काही बिघडत नाही. पातळ दारात मात्र जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा रुंद खाच पाडू नये हा सुतारकामातला जुना दंडक पेटीच्या जाडीनेच मोडतो आणि कटरमुळे तो विनाकारण आणखी मोडला जातो, ही गोष्ट खटकते. 16 मिमीचा कटर वेगळा विकत मिळतो, तो मी नंतर घेतला आणि आता पातळ दारांना तोच वापरतो. तो संचातच असायला हवा होता. 25 मिमीचा कटर वर्षभरात मी फक्त चार वेळा काढला.

खाचेच्या दोन्ही टोकांना कटरमुळे गोलाई येते आणि पेटीचे कोपरे काटकोनी असतात. इथे अनेक जण पटाशी घेऊन ऐंशी मिलिमीटर खोलवर कोपरे तासत बसतात. ते अनावश्यक आहे, थोडे गणित केले की पुरते. 18 मिमीच्या कटरने पाडलेल्या टोकाची त्रिज्या 9 मिमी असते. पेटी 14 मिमी जाडीची असेल तर तिचा कोपरा मध्यरेषेपासून 7 मिमीवर येतो आणि तेवढ्यावर गोलाई टोकापासून सुमारे 3.3 मिमी आत आलेली असते. म्हणून दोन्ही अडसर पेटीच्या मापापेक्षा साडेतीन मिमी बाहेर लावले की पेटी विनातक्रार आत जाते आणि वाढलेली जागा फेसप्लेटखाली, म्हणजे दाराच्या कडेवर दिसणाऱ्या कुलपाच्या धातूच्या पट्टीखाली, झाकली जाते. फेसप्लेटचे स्क्रू पेटीच्या अगदी जवळ असतील तर मात्र हे करू नये, कारण स्क्रूला धरायला लाकूडच उरत नाही. अशा कुलपांना टोके पटाशीनेच चौरस करावीत. आगरोधक दारांनाही हा सैलपणा देऊ नये, त्यांच्यात कुलपाभोवती पोकळी जितकी कमी तितके बरे आणि दाराच्या उत्पादकाने दिलेल्या सूचनांबाहेर जाऊ नये.

जिगचा जो गुण जाहिरातीत फारसा कोणी सांगत नाही तो असा, की जिग न हलवता कटर बदलता येतो. कुलपाला दोन खाचा लागतात, एक पेटीची खोल आणि दुसरी फेसप्लेटची उथळ, लांब व अधिक रुंद. हाताने काम करताना या दोन खाचांच्या मध्यरेषा जुळवणे हेच कटकटीचे असते; थोड्या फरकानेही फेसप्लेट दाराच्या कडेला समांतर न राहता कलंडल्यासारखी दिसते आणि दार उघडे असताना प्रत्येकाच्या नजरेला ते आधी पडते. इथे फेसप्लेटच्या रुंदीचा कटर लावून आधी तिची तीन मिमीची खाच पाडायची, मग तोच दांडा बाहेर घेऊन लहान कटर चढवायचा, अडसर आत सरकवायचे आणि पेटीची खाच पाडायची. दोन्ही खाचा एकाच मध्यावर येतात. फेसप्लेट 20 किंवा 24 मिमी रुंदीची असेल तर संचातला एकही कटर तिच्याशी बरोबर जुळत नाही. मग लहान कटर वापरून दोन्ही कडांचे एक-एक मिलिमीटर पटाशीने काढावे लागतात. फेसप्लेटच्या टोकांची गोलाईही चौरस करावीच लागते, कारण ती जागा उघडी दिसते.

कुलपाकडील कडेला उतार दिलेला असेल तर आणखी एक अडचण येते. चौकटीला न घासता दार मिटावे म्हणून ही कड साधारण तीन अंशांनी आत कललेली ठेवतात. जिग दाराच्या अंगांना पकडतो, त्याला कडेचा उतार माहीत नसतो. 22 मिमी रुंदीच्या फेसप्लेटपुरता हा फरक 1.15 मिमी होतो, म्हणजे एका बाजूला फेसप्लेट कडेशी सपाट बसली तर दुसऱ्या बाजूला ती मिलिमीटरभर रुतते. मी आता खोलीचे कडे उथळ बाजूच्या मापाने लावतो आणि उरलेला पाचरीसारखा पातळ थर रुंद पटाशीने उतारानुसार काढतो. पुस्तिकेत याचा उल्लेख नाही. ती पुस्तिका म्हणजे एकूणच एक घडीचा कागद आहे, त्यातल्या आकृत्यांत ड्रिल मशीन दाराएवढे मोठे काढले आहे.

माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी फजिती सहाव्या दाराला झाली, आणि ती जिगच्या रचनेतूनच उद्भवते. सागवानाचे दार होते. खाच साठेक मिमी खोल गेली असताना आत ढलप्या कोंबल्या गेल्या आणि कटर अडकला. तो सोडवावा म्हणून मी बिनतारी ड्रिलची दिशा उलटी केली आणि बटण दाबले. दांडा सहज बाहेर आला, फक्त त्याच्या टोकाला कटर नव्हता. कटर सुलट फिरण्याने घट्ट होणाऱ्या आट्यांवर बसतो, त्यामुळे अडकलेल्या कटरमधून दांडा उलटा फिरवला की तो स्क्रू काढल्यासारखा सुटून येतो. साठ मिलिमीटर खोल, अठरा मिलिमीटर रुंद खाचेच्या तळाशी रुतलेला कटर काढायला मला अर्धा तास लागला. शेवटी आधी भुसा शोषून घेतला, मग दांडा हाताने आट्यांवर बसवून सुलट फिरवला आणि मुठीने डोलवत बाहेर ओढला. तेव्हापासून दिशेच्या बटणावर चिकटपट्टी लावून ठेवली आहे. कटर अडकू नये म्हणून दर आठ-दहा मिमीनंतर तो पूर्ण बाहेर घेऊन ढलप्या झाडून टाकणे हाच खरा उपाय. घाईने एकदम खोल दाबले की लाकूड करपल्याचा वास येतो, भिंत काळी पडते आणि कटरची धारही जाते. सागवानात सिलिका असल्यामुळे त्याने धार तशीही लवकर बोथट होते.

मशीनच्या निवडीबाबत इतकेच, की हातोडीचा प्रकार बंद ठेवावा आणि वेगाचा वरचा टप्पा घ्यावा. मिनिटाला दीड-दोन हजार फेऱ्यांचे बिनतारी मशीन चालते, पण विजेवरचे चांगले, कारण बॅटरी उतरू लागली की वेग पडतो आणि कटर लाकूड कापण्याऐवजी ओरबाडू लागतो. जिग लावण्याआधी दोन्ही अंगांना कागदी चिकटपट्टी लावावी. जबड्यांना रबर आहे, पण ते कडक असून एका लॅमिनेटच्या दारावर त्याच्या चौकोनी खुणा मला महिनाभर सतावत होत्या. लॅमिनेटची कड फुटू नये म्हणून फेसप्लेटची बाह्यरेषा आधी धारदार सुरीने खोल कोरून घेणेही उपयोगी पडते.

जिग कुलपाची जागा ठरवत नाही, हे ध्यानात घ्यावे. तावदानाच्या किंवा पॅनेलच्या दारात मधली आडवी पट्टी जिथे उभ्या पट्टीत घुसते तिथे नेमके कुलूप लावले तर खाच त्या सांध्याचेच तुकडे करते. उभी पट्टी अरुंद असेल तर 76 मिमी खोलीची पेटी तिला पार करून पलीकडे निघू शकते. पोकळ गाभ्याच्या दारात कुलपासाठीचा भरीव ठोकळा बऱ्याचदा एकाच बाजूला असतो, तो कोणत्या बाजूला आहे ते न पाहता जिग लावला तर कटर थेट पोकळीत उतरतो. या तिन्ही चुका जिगने अधिक सुबकपणे आणि अधिक वेगाने करता येतात.

हँडलच्या आणि किल्लीच्या आरपार छिद्रांसाठी या संचात काहीच नाही. मी कुलूप दाराच्या अंगावर, फेसप्लेटची कड दाराच्या कडेशी जुळवून धरतो आणि त्याच्या छिद्रांतून टोचणीसारख्या आरीने खूण करतो. मग गुण्याने (काटकोन मापीने) तीच खूण दुसऱ्या अंगावर नेतो आणि दोन्ही अंगांनी अर्धे-अर्धे छिद्र पाडतो, म्हणजे बाहेर पडणारे टोक लाकूड फाडत नाही. कुलपाची जीभ जिच्यात शिरते त्या चौकटीतल्या पट्टीच्या खाचेसाठीही जिगचा उपयोग नाही, कारण भिंतीत बसलेल्या चौकटीला जबड्यांनी पकडायला मागची बाजूच नसते. तिथे आजही पटाशीच. जिभेची उंची चौकटीवर नेण्यासाठी मी जिभेच्या टोकाला पेन्सिलीची शिसपूड चोळतो, दार मिटतो आणि हँडल सोडतो. चौकटीवर उमटलेल्या करड्या डागापासून माप घेतो. कोणताही जिग यापेक्षा बरोबर माप देईल असे मला वाटत नाही.

उरला बिजागऱ्यांचा प्रश्न. संचाबरोबर ॲल्युमिनियमचा एक छोटा साचा जोड म्हणून मिळाला, त्यावर राउटर (फिरत्या कटरने लाकूड कोरणारे हातयंत्र) चालवून 75 आणि 100 मिमीच्या बिजागऱ्यांच्या खाचा पाडता येतात. बेअरिंगचा कटर साच्याच्या कडेने फिरतो आणि खाच साच्याबरहुकूम उतरते. कटर 16 मिमी व्यासाचा असल्याने कोपऱ्यांत 8 मिमी त्रिज्येची गोलाई उरते, ती पटाशीने काढावी लागते. खोली ठरवायला राउटरची एक सोय फार कामाची आहे: कटर लाकडाला टेकेपर्यंत खाली आणायचा, मग खोलीच्या कांडीखाली प्रत्यक्ष बिजागरीचे पान ठेवून कांडी त्यावर टेकवायची आणि पान काढून घ्यायचे. कटर तंतोतंत पानाच्या जाडीइतका उतरतो आणि मोजपट्टी हातात घ्यावी लागत नाही.

ही अचूकता बिजागरीत फार लागते. खाच पानापेक्षा खोल गेली तर दार पूर्ण मिटण्याआधीच बिजागरीकडची कड चौकटीला भिडते, दार स्प्रिंग असल्यासारखे परत उघडू पाहते आणि स्क्रू हळूहळू उपसले जातात. उथळ राहिली तर त्या बाजूला फट वाढते आणि कुलपाकडची कड घासू लागते. दाराभोवती दोन ते तीन मिमीची सारखी फट ठेवायची असताना अर्ध्या मिलिमीटरचाही हिशेब करावा लागतो. जास्त खोल झालेल्या खाचेत पानामागे पुठ्ठ्याची पट्टी घालणे हा सर्वमान्य उपाय आहे आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

तरीही बिजागरीसाठी हा साचा घ्या असे मी म्हणणार नाही. तो एका वेळी एकच बिजागरी करतो, म्हणून तिन्ही जागा दारावर आणि चौकटीवर वेगवेगळ्या आखाव्या लागतात, आणि चूक होते ती खाच पाडण्यात नव्हे तर या आखणीत. पूर्ण उंचीचे साचे मिळतात, त्यांत तिन्ही जागा एकाच पट्टीवर पक्क्या असतात आणि वरच्या टोकाची फिरती पट्टी दाराच्या माथ्यावरची तीन मिमीची फट आपोआप सांभाळते. एकसारखी वीस दारे असतील तर तो खर्च सार्थकी लागतो. दोन-चार दारांसाठी मी लाकडाच्या एका सरळ पट्टीवर तिन्ही बिजागऱ्यांच्या खुणा करतो, तीच पट्टी आधी चौकटीला आणि मग माथ्याची फट सोडून दाराला लावतो. शिवाय 35 मिमी रुंदीच्या कडेवर राउटर डुगडुगतो. बाजूला आधाराचा ठोकळा आवळला नाही तर तो कधी कलंडेल ते सांगता येत नाही, आणि तो ठोकळा लावेपर्यंत पटाशीने निम्मी खाच झालेली असते.

पटाशीची रीत इथे सविस्तर सांगतो, कारण नवशिके याच ठिकाणी राउटरकडे धाव घेतात. बिजागरी जागेवर धरून तिच्याभोवती सुरीने रेषा कोरावी, पेन्सिलीने नव्हे. पेन्सिलीच्या रेषेलाही जाडी असते, सुरीच्या रेषेला पटाशीची धार स्वतःहून सापडते. मग पटाशी उभी धरून रेषेवर हलके ठोके द्यावेत आणि आतल्या भागात चार-पाच मिमीच्या अंतराने लाकडाच्या रेषांना आडवे, पानाच्या जाडीइतके घाव घालत जावे. लाकूड पुस्तकाच्या पानांसारखे उभे राहते. आता पटाशी आडवी करून, सपाट बाजू खाली ठेवून, दाराच्या अंगाकडून ती सगळी पाने एका ओघात सारून टाकावीत. धार चांगली असेल तर तळ हाताला काचेसारखा लागतो. एका खाचेला सहा-सात मिनिटे पुरतात, तेवढ्यात राउटरची वायर सोडवून होते. खाच दाराच्या पूर्ण जाडीभर नेऊ नये, पलीकडे पाच-सहा मिमी लाकूड राखावे. तेच बिजागरीच्या पानाला मागून टेकू देते.

म्हणून माझा अभिप्राय वाटून दिलेला आहे. खोल कुलपाच्या खाचेसाठी हा जिग मी पुन्हा विकत घेईन, जो वर्षाला दहा-बारा कुलपे बसवतो त्यानेही घ्यावा, पण पैसे देण्यापूर्वी 16 मिमीचा कटर वेगळा मिळतो का ते विचारावे. घरातली एक-दोन दारे करायची असतील तर चांगले गिरमिट, गुण्या आणि धार लावलेली 16 मिमीची पटाशी पुरे. गोल पेटीच्या साध्या लॅचसाठी, ज्यांना कडेत 25 मिमीचे एकच छिद्र आणि दाराच्या अंगात 54 मिमीचे भोक लागते, त्यांना या जिगची मुळीच गरज नाही. त्यांच्यासाठी भोकांचे साधे प्लास्टिकचे साचे मिळतात आणि ते उत्तम काम देतात.

टिकाऊपणाबद्दल बेचाळीस दारांनंतर इतके सांगता येते: दांड्याभोवतीची पितळी बुशिंग (दांडा जिच्यातून सरकतो ती नळी) किंचित सैल झाली आहे, मूठ पूर्वीइतकीच घट्ट आहे, आणि 18 मिमीचा कटर दोनदा धार लावून घेतल्यावर 17.8 मिमी भरतो आहे. धार लावणाऱ्याला दोन्ही पाती सारखीच घासायला सांगावे लागते, एरवी कटर एकाच पात्याने कापतो आणि सगळा जिग थरथरतो. माझ्याकडे पहिल्यांदा तसेच झाले होते. दाराला कान लावला तर सुताराऐवजी दंतवैद्य काम करत असल्याचा भास होत होता.